विष घातलं तरी उंदीर येतातच, आता काय करायचं?

ताई, बाकीचं सगळं नंतर. आधी घरात टाकलेले विषाचे केक उचला. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला आणि पाकिटात किती होते, किती सापडले, याचा हिशोब लावा. जे सापडत नाहीत ते उंदराने ओढून नेलेत असं धरून चाला. उंदीर केक जागेवर बसून खाईलच असं नाही. तो तोंडात धरून पळतो, वाटेत दचकला की टाकून देतो आणि तो तुकडा कपाटामागून पंख्याच्या वाऱ्याने कुठे सरकेल हे कुणी सांगावं? घरात दीड वर्षाचं मूल आहे आणि त्या वयात जमिनीवरचं सगळं थेट तोंडात जातं.

तुमची अडचण मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटलं असेल तर कळेल. बदलापूरला रो-हाउस, खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची खोली. वर तुम्ही दोघं आणि बाळ. पाऊस सुरू झाल्यापासून रात्री ट्रॉलीत खुडखुड, साबणावर दातांच्या खुणा, देवघरातली तुपातली वात गायब. दुकानातून निळे केक आणून माळ्यावर आणि ट्रॉलीखाली टाकले. चार-पाच दिवसांनी माळ्यातून दुर्गंधी आली, आठवडाभर आवाज बंद झाला आणि आता पुन्हा सुरू. डिंकाचा पुठ्ठा लावायला जीव धजत नाही, सासूबाई म्हणतात गणपतीचं वाहन आहे, मारू नका. सासऱ्यांना जुना मधुमेह. शेजारचं घर दोन वर्षं बंद, बागेत कुंपणालगत बिळं. आणि विचारताय की एखाद्या कंपनीला वर्षाचं काँट्रॅक्ट देऊन टाकावं का.

ठाणे जिल्ह्यात हेच काम करत माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यावरून सांगतो. तुमच्याकडे उंदीर मारायचं काम लहान आहे, भोकं बुजवायचं काम मोठं आहे. आणि दुसरं झाल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

केकचं काय झालं ते आधी बघू. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक केकमध्ये ब्रोमाडायोलोन असतं, ०.००५ टक्के. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर एक-दोन रात्री खातो, त्याला काही जाणवत नाही आणि साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात आतल्या रक्तस्रावाने मरतो. हे मुद्दाम सावकाश ठेवलेलं आहे, कारण उंदराला ओकता येत नाही. ज्याला ओकता येत नाही तो प्राणी खाण्याच्या बाबतीत महासंशयी असतो. नवीन वस्तू दिसली की घरउंदीर दोन-चार रात्री तिला वळसा घालून जातो, मग जरासं चाखतो, पोटात गडबड झाली तर पुन्हा त्या वासाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच ती जुनी काळी पावडर, झिंक फॉस्फाइड, एकदा फसली की त्या घरात फसलीच.

'उंदीर घराबाहेर जाऊन मरतो' असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. खोटं आहे. विष खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जात नाही, तो अशक्त होतो आणि जिथे सुरक्षित वाटतं तिथे, म्हणजे आपल्या घरट्यात जाऊन पडतो. तुमचं घरटं माळ्यावर, म्हणून वास माळ्यावर. तो वास दोन-तीन आठवडे राहू शकतो. अजून येत असेल तर दिवसा माळ्यावर चढा, हिरव्या-निळ्या माश्या जिथे घोटाळतात तिथे शोधा, हातमोजे घालून उचला, दोन पिशव्यांत बांधा आणि जागा ब्लीचच्या पाण्याने पुसा.

आठवडाभर शांत का झालं? होते ते मेले. पुन्हा का आले? कारण वाट मोकळी आहे आणि आता घर रिकामं आहे. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार. बाहेरच्या संख्येशी आपण विष घालून स्पर्धा करू शकत नाही.

मुलाच्या तोंडात केक गेल्याची नुसती शंका आली तरी काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. उलटी काढायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही, पाकीट हातात घेऊन थेट रुग्णालय. मूल हसतं-खेळतं दिसेल, कारण या विषाचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर घरी थांबायचं नाही. याला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, म्हणूनच पाकीट महत्त्वाचं. ट्यूबमध्ये मिळणारी पेस्ट मात्र घरात आणूच नका. त्यात पिवळा फॉस्फरस असतो आणि त्याला उतारा नाही. त्यात पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात आणि नंतर यकृत निकामी व्हायला लागतं. तसंच धान्यात ठेवायच्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत या गोळ्या ठेवून माणसं, शेजारची मुलंसुद्धा, दगावल्याच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी वाचायला मिळतात. कायद्याने त्या सामान्य ग्राहकाला विकायच्याच नाहीत, तरी किराणा दुकानात कागदात गुंडाळून मिळतात.

आता तुमच्याकडे आहे कोण ते ओळखू. तुम्ही लिहिलंय 'मोठा उंदीर, कदाचित घूस'. घूस पडद्याच्या दांडीवर चढत नाही आणि माळ्यावर घरटं करत नाही. ती जमीन उकरते, बिळाबाहेर मातीचा ढीग घालते. मोठी घूस किलोभराची भरते. माळा, पाइप, केबल, कौलाची वळचण ही सगळी घरउंदराची, म्हणजे काळ्या उंदराची दुनिया. सडपातळ अंग, मोठे कान, शेपूट अंगापेक्षा लांब. त्याची लेंडी साधारण अर्ध्या इंचाची, टोकं निमुळती, जराशी वाकलेली. तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून बारीक लेंडी असेल तर तो पिटुकला उंदीर, त्याचं गणित वेगळं. तो नव्या वस्तूला घाबरत नाही, उलट आधी तिथेच नाक खुपसतो. आणि लांब सोंडेसारखं नाक, चिक-चिक आवाज, भिंतीला चिकटून धाव आणि मागे राहणारा उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. ती उंदीर नाहीच. झुरळं, किडे खाते. तिला मारू नका, मोरीची जाळी नीट बसवा, पुरे.

तुमच्या वर्णनावरून मला दोन पाहुणे दिसतात. वर घरउंदीर आणि बागेच्या कडेला घूस. नक्की करायला साधा उपाय आहे. रात्री जेवणं, भांडी आटोपली की पांढरी रांगोळी बारीक चाळणीतून ओट्याखाली, ट्रॉलीच्या पुढे, मोरीच्या तोंडाशी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर आणि माळ्याच्या दाराशी पातळ भुरभुरा. कणीक वापरू नका, ती खातील. सकाळी लवकर, झाडू लागायच्या आत, टॉर्च जमिनीलगत आडवा धरून बघा. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मधे शेपटीची रेघ. पावलं कुठून आली आणि कुठे गेली, एवढंच वाचायचं. दोन-तीन रात्री हे केलंत की घरातले रस्ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतील. भिंतीच्या कडेला, पाइपवर, तुळईच्या वळणावर तेलकट काळा पट्टा दिसतो का तेही बघा. रोज त्याच जागेवरून अंग घासत गेल्याने तो पडतो. बोट लावल्यावर पुसला गेला तर रस्ता चालू आहे, सुकून खरवडला जात असेल तर जुना.

भोकं शोधताना उंदराच्या नजरेने शोधा. तुम्ही दाराकडे बघता, तो फटीकडे बघतो. मोठ्या उंदराला अर्ध्या इंचाची फट पुरते, पिटुकल्याला पाव इंचाची. डोकं गेलं की अंग जातं. हाताचा अंगठा जिथे शिरतो तिथून उंदीर येतो, करंगळी शिरते तिथून त्याचं पिल्लू.

सगळ्यात आधी सिंकखाली जा. ट्रॉलीचा खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, नुसता ओढून बघू नका. सिंकचा घडीचा पांढरा पाइप जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या मोठ्या पाइपात सैल खोचलेला असतो आणि त्याच्याभोवती दोन बोटं जातील एवढी जागा उरते. प्लंबर ती कापडाच्या चिंधीने बुजवून जातो. मी पाहिलेल्या घरांत हा सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दरवाजा आहे, फ्लॅट असो वा बंगला. त्या चिंधीला हात लावलात तर मऊ लगदा हाताला लागेल, बाजूला कुरतडलेल्या कागदाचा आणि कापसाचा भुगा दिसेल आणि पाइपच्या कडेवर दातांच्या समांतर बारीक चऱ्या. वॉशिंग मशीनचा पाइप मोरीत जिथे सोडलाय तिथे हीच गोष्ट. शिवाय मशीनची खालची बाजू उघडी असते. उंदीर तिथून आत शिरतो आणि वायरी कुरतडतो. तळाला जाळी किंवा पत्रा बसवून घ्या, दुरुस्तीच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडेल.

मग एसीच्या तांब्याच्या पाइपचं भोक, गॅसच्या पाइपचं भोक, एक्झॉस्ट फॅनची मागची बाजू, केबलवाल्याने खिडकीच्या चौकटीत पाडलेलं भोक. मागच्या दाराची खालची फट. दार बंद करून बाहेर दिवा लावा आणि आतून बघा, उजेड दिसला की उंदीर दिसेल. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलंय का? रो-हाउसच्या ओळीत चेंबर एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एकाचं झाकण फुटलं की सगळ्यांच्या मोऱ्या एका रस्त्यावर येतात. वर गच्चीत पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो, छपराच्या पत्र्याखालची नागमोडी पोकळी आणि घराला टेकलेली फांदी. तुमच्या पेरूच्या झाडाची फांदी गच्चीच्या कठड्यापासून हात-दोन हात तरी मागे छाटा.

बुजवायचं कशाने, यात लोक फार फसतात. फवाऱ्याने फुगणारा फोम उंदीर हसत हसत पोखरतो. थर्माकोल, लाकडी पट्टी, नुसतं पांढरं सिमेंट, खिडकीची नायलॉनची डासांची जाळी, यातलं काही टिकत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त, म्हणून काहीतरी कुरतडत राहणं त्याला भागच असतं. पाइपभोवतीच्या फटीत स्टेनलेस स्टीलचा भांडी घासायचा काथ्या घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट-वाळूचा लेप द्या. साधा लोखंडी काथ्या घेऊ नका, एका पावसाळ्यात गंजून गळून पडतो. मोठ्या भोकाला पाव इंच चौकोनी भोकांची जाड वेल्डेड जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी नको, त्यातून पिल्लू आरामात येतं. बिळाच्या तोंडात सिमेंट भरताना जुने गवंडी त्यात बाटलीच्या काचा घालायचे. पद्धत वाईट नाही, पण मूल खेळतं तिथे करू नका. दाराच्या खालच्या कडेला बाहेरून अॅल्युमिनियमची किंवा पत्र्याची पट्टी, जमिनीपासून पाव इंचापेक्षा कमी अंतर राहील अशी. मोरीला घट्ट बसणारी, स्क्रूची स्टीलची जाळी. नुसती ठेवलेली जाळी तो खालून ढकलतो.

एक पथ्य मात्र पाळा. सगळी भोकं एकाच दिवशी बुजवू नका. आत उंदीर असताना कोंडलंत तर तो बाहेर पडायला नवीन भोक पाडेल किंवा ट्रॉलीमागे मरेल. रांगोळीत जो रस्ता सगळ्यात वाहता दिसला तो एक ठेवा, बाकीचे बंद करा. मग आतले पकडा. पकडून झाले, सलग आठवडाभर रांगोळी कोरी राहिली की तो शेवटचाही बंद.

पकडायचं कसं? सासूबाईंच्या मनाला पटेल असं आधी सांगतो. वाटा बंद करणं हा त्यांच्या म्हणण्याचा मान राखणारा सगळ्यात चांगला मार्ग आहे, कारण मग मारायला उरतात ते आत असलेले दोन-चारच. तेवढे पिंजऱ्यात पकडून लांब माळरानावर सोडावेत असं बऱ्याच घरांत ठरतं. मी अडवत नाही, पण ते पुण्य वाटतं तेवढं नाही. अनोळखी उघड्या जागी टाकलेला घरउंदीर बहुधा जगत नाही आणि जगला तर जवळच्या दुसऱ्या कुणाच्या घरात शिरतो. पिंजरा उन्हात विसरला गेला किंवा बादलीत बुडवला गेला तर ती चापापेक्षा जास्त क्रूर गोष्ट झाली. माझं मत चांगल्या स्प्रिंगच्या, मोठ्या आकाराच्या चापाला. एका क्षणात संपतं. डिंकाच्या पुठ्ठ्याला तुम्ही नाही म्हणालात ते योग्यच. त्यावर उंदीर तासन्‌तास, कधी दिवसभर जिवंत अडकून राहतो, पाली आणि चिमण्याही चिकटतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ आणि २०२० मध्ये राज्यांना त्याविरुद्ध पत्रं पाठवली आणि काही राज्यांनी बंदीही घातली.

चाप लावायची खुबी संशयी स्वभावात आहे. पहिल्या तीन-चार रात्री चाप उघडे करून ठेवूच नका. आमिष लावा, पण स्प्रिंग ताणू नका. त्याला खाऊ दे, भीती मोडू दे. सगळ्या चापांवरचं आमिष सलग दोन रात्री गेलं की मग एकाच रात्री सगळे ताणा. एक चाप दहा रात्री लावण्यापेक्षा दहा चाप एका रात्री लावणं कितीतरी पटीने कामाचं, कारण पहिला सुटला की बाकीचे शहाणे होतात. चाप खोलीच्या मधे ठेवून उपयोग नाही. भिंतीशी काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला जवळजवळ टेकेल असा. माळ्यावर तुळईला तारेने बांधा, नाहीतर जखमी उंदीर चापासकट आत ओढून नेतो. खाली मुलाच्या हाताला लागेल अशी जागा असेल तर बुटाच्या जाड खोक्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडून चाप आत ठेवा, झाकणावर वीट. तरीही दिवसा सगळे चाप उचलायचे म्हणजे उचलायचे.

आमिष काय? चीज ही चित्रांमधली गोष्ट. आपल्याकडे भज्याचा तुकडा, तेलात परतलेलं खोबरं, शेंगदाण्याचा लाडू चालतो आणि चालत असेल तर सुक्या बोंबलासारखं दुसरं काही नाही. तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा, म्हणजे तो झटक्यात उचलून पळता येणार नाही. तुमच्या घरी वाती जातात, म्हणजे त्याला तूप आवडलंय आणि कापूस घरट्याला हवाय. मग तुपात बुडवलेली वातच चापाला बांधा की! आणि देवघरातलं निरांजन झोपताना शांत झालंय ना ते बघा. धुगधुगती वात त्याने पडद्यामागे ओढून नेली तर काय होईल ते सांगायला नको.

हे सगळं चालू असताना त्याचं दुसरं खाणं बंद असलं पाहिजे, नाहीतर चापावरच्या भज्याकडे तो कशाला बघेल? रात्री ओटा कोरडा, खरकटं झाकणाच्या डब्यात, कांदे-बटाटे जमिनीवरच्या जाळीच्या टोपलीत नको. तांदूळ-डाळी पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात, प्लास्टिकचे तो पोखरतो. साबण बंद डबीत. गच्चीवर कबुतरांना दाणे घालत असाल तर तेही बंद, कारण उरलेल्या दाण्यांवर रात्री दुसरेच जेवतात.

आता बागेतली घूस आणि शेजारचं बंद घर. पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी चढलं, सखल भाग भरले की बिळं बुडतात आणि घुशी, उंदीर उंचावरच्या कोरड्या जागेकडे निघतात. म्हणून तुमच्याकडे पाऊस सुरू झाल्यावरच सुरुवात झाली. रिकामं घर त्यांना आयतं मिळतं. बंद घरं आणि आत राहिलेलं धान्य यांनी काय होतं ते महाराष्ट्राने एकदा पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात पुष्कळ लोक भीतीने पक्की घरं सोडून बाहेर राहायला लागले, धान्य आतच राहिलं, आणि पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण निघाले. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, तुमच्याकडे प्लेग येणार नाही. पण विष न घालता उंदीर आपोआप मरून पडायला लागले तर नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला कळवायचं, हा जुन्या लोकांचा शिरस्ता आजही बरोबर आहे.

शेजारच्या मालकाला फोन करा, किल्ली मागा, आत धान्य, गाद्या, रद्दी असेल ती हलवा, मोऱ्यांवर जाळ्या बसवा. कुंपणालगतची बिळं आधी मातीने हलकेच बंद करा. दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील तीच चालू बिळं. तिथे, फक्त बाहेर, कुलूपबंद आमिषपेटीत केक ठेवायला माझी हरकत नाही. पण तोही माहीतगार माणसाकडून आणि मेलेले उंदीर रोज सकाळी उचलायच्या बोलीवर, कारण तो उंदीर खाऊन मांजर आणि गव्हाणी घुबड मरतात. बिळांकडे हात घालू नका. जिथे घूस तिथे धामण येतेच आणि धामणीच्या मागून नाग, घोणसही.

सासऱ्यांबद्दल मात्र काळजीने सांगतो. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना जाते आणि झोपेत उंदराने बोट कुरतडलेलं सकाळपर्यंत कळतही नाही. डॉक्टरांना हे प्रकार चांगले माहीत आहेत. उंदीर आटोक्यात येईपर्यंत त्यांना वरच्या मजल्यावर झोपवा किंवा चहूबाजूंनी गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत. झोपण्यापूर्वी पाय साबणाने धुवून कोरडे करायचे आणि सकाळी तळवे, बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या. चावलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. धनुर्वात आणि बाकी इंजेक्शनचं ते ठरवतील.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, तुम्हाला ऐकून माहीत असेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत त्याची मोठी साथ आली. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरतात. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं तर डॉक्टरांना 'घरात उंदीर आहेत' हे आपणहून सांगा, ते त्यांच्या निदानाला उपयोगी पडतं. प्रतिबंधाची गोळी त्यांना विचारूनच. घरातल्या लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी शिंपडा, दहा मिनिटं भिजू द्या, कागदाने पुसून घ्या.

आवाजाची यंत्रं, डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल, तुरटी, मिरचीची पूड यांच्यावर पैसे घालवू नका. दोन रात्री फरक पडल्यासारखा वाटतो, मग उंदीर सरावतो. डांबरगोळ्या तर मुलाच्या घरात नकोतच, गोळीसारख्या दिसतात. मांजर पाळायची हौस असेल तर पाळा, पण पिटुकल्यापलीकडे तिच्यावर भिस्त ठेवू नका. मोठ्या घुशीला मांजर वाट देते.

कंपनीच्या काँट्रॅक्टचं. द्यायला हरकत नाही, पण भोकं बुजल्यानंतर, आधी नाही. कृषी विभागाचा कीटकनाशक परवाना मागून बघा. कुठे काय ठेवणार हे घराच्या नकाशावर लिहून घ्या, औषधाचं नाव आणि टक्केवारी पावतीवर घ्या, मेलेला उंदीर कोण काढणार ते आधी ठरवा. घरात विष ठेवायचं नाही ही अट लेखी. पहिल्या भेटीत टॉर्च न काढता थेट केकची बरणी काढणारा आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दोन-तीन रात्री रांगोळीचं करून बघा आणि मला लेंड्यांचा फोटो पाठवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. सिंकखालचाही पाठवा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून.